दोन आखूड, एक लांब

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. खुंटीला टांगलेली ही काळी, सुरकुतलेली कातड्याची पिशवी म्हणजे मी. पुढे लोखंडाची नळी आहे आणि मागे लाकडाच्या दोन पट्ट्यांचं तोंड. परवा घरी आलेल्या एका पाहुण्यानं मला पखाल म्हटलं. पखाल! मी उभ्या जन्मात पाण्याचा थेंब पोटात घेतला नाही. मी भाता आहे, कल्हईवाल्याचा भाता. वारा पोटात घ्यायचा आणि कोळशावर सोडायचा, एवढंच मला येतं, पण ते मला फार चांगलं येतं. माझ्या बोलण्याचा राग मानू नका, मला जरा फुगायची सवयच आहे.

माझा जन्म एकोणीसशे एकसष्ट सालचा. कोल्हापुरात सयाजी नावाचे एक कारागीर होते. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलेलं बकऱ्याचं कातडं त्यांनी निवडलं, दुहेरी टाके घातले आणि मला मीरासाबांच्या हाती दिलं. देताना म्हणाले, "महिन्यातनं एकदा एरंडेल चोळत जावा. कोरडा ठेवलासा तर तडकंल." मीरासाबांनी मान डोलावली. पुढची पंधरा वर्षं एकही महिना त्यांनी चुकवला नाही.

मीरासाब कल्हईवाले म्हणजे माझे धनी. शनिवार पेठेत दोन खोल्यांचं घर होतं. घरात बायको सुलतानबी, आणि उद्यमनगरात लेथवर काम करणारा मुलगा इकबाल. कामाचे दिवस ठरलेले असत. काही दिवस शहरात फेरी, आठवड्यातून दोन दिवस कसबा बावड्याला रस्त्याकडेच्या चिंचेखाली बैठक, आणि बाजाराच्या दिवशी एसटीनं मलकापूर. नवरा-बायको दोघंही जात. मला ओढायचं काम सुलतानबीचं आणि भांड्याचं काम मीरासाबांचं.

कल्हई तुम्ही पाहिली नसेल म्हणून सांगतो. तांब्यापितळेला हवा लागली की ते काळवंडतं. आंबट लागलं की हिरवं पडतं, आणि त्यात ठेवलेलं ताक कळकतं. ते पोटात गेलं तर माणूस आजारी पडतो. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर द्यायचा. जमिनीत वीतभर खड्डा, खड्ड्यात कोळसा आणि कोळशात माझी नळी. भांडं आधी वाळूनं घासायचं, मग तापवायचं. तापलं की नवसागराची पूड टाकायची. पांढरा धूर उठतो, डोळे झोंबतात, पण धातू साफ होतो. मग कथलाची कांडी फिरवायची आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं भराभर पसरायचं. भांडं आतून लख्ख पांढरं होतं. मला विचाराल तर त्यात निम्मं श्रेय वाऱ्याचं, पण ते मला कुणी कधी दिलं नाही.

मीरासाबांची एक रीत होती. त्यांच्या पेटीत दोन तऱ्हेच्या कांड्या असत. एक कथलाची, ती खायच्या भांड्यांसाठी. दुसरी झाळीची, ती गळक्या बादल्या आणि बंब बुजवण्यासाठी. झाळीच्या कांडीत शिसं असतं आणि शिसं म्हणजे विष. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. म्हणून प्रत्येक भांड्याआधी मीरासाब कांडी कानाशी नेत आणि हलकेच वाकवत. कथील वाकताना चुरचुरतं, बारीक कुरकुर करतं. शिसं गप्प राहतं. सुलतानबी तेवढ्यापुरता मला थांबवायची. कांडी कुरकुरली की मीरासाब म्हणायचे, "बोलली." मग सुलतानबी मला पुन्हा ओढायची. वीस वर्षं बावड्यात लोक सांगत की मीरासाबांच्या कल्हईत ताक कळकत नाही. मी हे ऐकलं की दोन फुंका जास्त मारायचो.

बावड्यात आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे प्रभावतीबाई. शेतीवाडीचं जैन घर, माणसांचा राबता आणि भांडी तेवढीच. माझं त्यांच्याशी फारसं जमलं नाही हे खरं. भांडं द्यायला आल्या की म्हणायच्या, "सुलतानभाभी, तेवढं कातडं माझ्या भांड्याला लागू दिऊ नका हं." मी तोंड वाकडं करायचो. पण जाताना त्या सुलतानबीच्या ओच्यात शेंगा नाहीतर गूळ घालून जायच्या, त्यामुळं मी ते मनावर घेत नसे.

आता दुखरं सांगायला घेतो.

शहात्तर साली एकदा आम्ही मलकापूरला निघालो. सुलतानबीला ताप होता, म्हणून मीरासाब आणि मी दोघंच. एसटीतून उतरलो, बाजार शंभर पावलांवर. मीरासाब स्टँडच्या बाकावर बसले आणि मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, चहा पिणार. चहा नाही. बाजार भरला, बाजार मोडला, तरी ते बसलेलेच. एक बाई भांडं घेऊन आली, "पावणं, कल्हई करतायसा न्हवं?" म्हणाली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बसलोय जरा." संध्याकाळी ओळखीच्या कंडक्टरनं हाताला धरून गाडीत बसवलं. घरी सुलतानबीनं विचारलं, "किती भांडी झाली?" मीरासाब म्हणाले, "बाजारच न्हवता आज." ते खोटं बोलत नव्हते, मित्रांनो. त्यांच्या डोक्यात खरंच बाजार नव्हता. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

मग अशा गोष्टी वाढत गेल्या. एकीचा तांब्या दुसरीला जाऊ लागला. घासलेलं भांडं पुन्हा घासायला घ्यायचे. एकदा भट्टी पेटली, भांडं लाल झालं, आणि मीरासाब नवसागराची पुडी हातात धरून बसून राहिले. पुढं काय करायचं ते त्यांना सुचेना. सुलतानबीनं इकडंतिकडं बघितलं. गिऱ्हाईक बाई समोरच उभी होती. सुलतानबीनं मला दोन आखूड हिसके दिले, फुस फुस. त्या आवाजासरशी मीरासाबांचा हात हलला आणि पूड भांड्यात पडली. मग तिनं एक लांब फुंक सोडली आणि त्यांनी कांडी उचलली.

तिथून ते सुरू झालं. दोन आखूड म्हणजे नवसागर, एक लांब म्हणजे कथील, आणि मी थांबलो की कांडी कानाशी. त्यांना काही आठवावं लागत नव्हतं. माझ्या आवाजावर त्यांचे हात चालत. समोरच्या गिऱ्हाइकाला वाटायचं, काय झकास जोडी आहे. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. पण जे आम्ही दोघं करत होतो त्याला झाकपाक म्हणतात, हे मला कळत होतं आणि सुलतानबीलाही कळत होतं.

इकबालला संशय आला. तो एकदा म्हणाला, "अम्मा, अब्बांचं ध्यान जाग्यावर न्हाय. काम बंद करू या. मी हाय की मिळवता."

सुलतानबी म्हणाली, "वय झालंय. तुझं बी हुईल."

"वय न्हाय ह्ये. काल मला त्यांनी दिलदारमामा म्हणून हाक मारली. मामा मरून आठ वर्सं झाली."

"हळू बोल. शेजारी ऐकत्यात."

तिला तेच भय होतं. गल्लीच्या टोकाला एक जण डोक्यावर परिणाम झालेला होता. पोरं त्याला 'येडा' म्हणून खडे मारत. मीरासाबांना कुणी तसं म्हटलेलं ऐकायची तिची तयारी नव्हती. ज्याच्या कल्हईवर सगळा बावडा निर्धास्त ताक पितो, तो येडा? त्यापेक्षा झाकलेलं बरं, असं तिनं ठरवलं, आणि तीन वर्षं झाकलं. एरंडेलाचा महिना मात्र आता चुकू लागला. माझ्या घडीवर पहिली चीर त्याच सुमारास पडली.

एकोणऐंशी सालचा भाद्रपद. जैनांचं दशलक्षण पर्व. प्रभावतीबाईंची मुलगी चंदना एकोणीस वर्षांची, तिनं दहा दिवसांचा उपास धरला होता. नुसतं पाणी, तेही गाळून, उकळून आणि दिवसा. पर्व संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पारणं, आणि त्या निमित्तानं साठ माणसांची पंगत. पर्वात आगीचं जादा काम नको म्हणून प्रभावतीबाई दरवर्षी मोठं पातेलं आधीच कल्हई करून घेत. त्या वर्षी मीरासाब दोनदा "उद्या येतो" म्हणाले आणि दोन्ही वेळा विसरले. शेवटी पर्वाच्या अखेरच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला सकाळी, ते पातेलं गाडीतून चिंचेखाली आलं. बाईंचा निरोप होता की उद्या ह्यात पंगतीची कढी करायची आहे, तेवढं आजच द्या.

सुलतानबीनं भट्टी लावली. मोठं भांडं, मी पोटातून वारा काढत होतो. दोन आखूड झाले, पूड पडली, पांढरा धूर उठला. मग तिनं मला थांबवलं. मीरासाबांनी पेटीतून कांडी काढली, कानाशी नेली आणि वाकवली.

काही नाही. रस्त्यावरून बैलगाडी गेली होती ती लांब पोचली होती. झाडावर कावळासुद्धा नव्हता. मी श्वास धरून होतो. कांडी वाकली आणि गप्प राहिली.

मीरासाब हसले आणि म्हणाले, "बोलली."

सुलतानबीनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिचा हात माझ्या पट्टीवर होता, तो घामानं ओला झाला. मला ओरडायचं होतं. पण मित्रांनो, भात्याला तोंड असतं, बोलणं नसतं. तिला वाटलं असेल, आपलेच कान म्हातारे झाले. किंवा तिला तसं वाटून घ्यायचं होतं. तिनं एक लांब फुंक सोडली. कांडी फिरली, बोळा फिरला आणि पातेलं पांढरं झालं. नेहमीपेक्षा जरा मळकट पांढरं. ते गाडीत घालून गेलं.

घरी आलो. गणपतीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीनं शहर गजबजलं होतं. सुलतानबीनं भाकरी थापली, मीरासाबांना वाढली, स्वतः बसली आणि उठली. पेटी उघडली. वापरलेली कांडी तिनं कानाशी नेऊन वाकवली. मग दुसरी वाकवली. दुसरी कुरकुरली. पहिली घेऊन ती पुन्हा पुन्हा वाकवत राहिली, शेवटी ती कांडी मोडली.

इकबाल कामावरून आला तेव्हा ती तशीच बसली होती. तिनं त्याला सगळं सांगितलं, तीन वर्षांचं एकदम. तो आधी रागावला. "आत्ता जाऊ बावड्याला?" म्हणाला.

"त्यांच्यात दिस मावळल्यावर चूल पेटत न्हाय. कढी सकाळीच हुनार. आता गेलो तर ह्या गर्दीतनं बाहेरसुदिक पडायचो न्हाय. पहाटंला निघू."

"काय सांगणार तू त्यास्नी? पातेलं चुकलं एवढंच सांग. अब्बांचं कशाला?"

ती म्हणाली, "एवढंच सांगिटलं तर उद्या दुसरं पातेलं चुकंल."

पहाटे बस नव्हती. मिरवणूक अजून सरली नव्हती. इकबालला पहिली पाळी होती, तरी तो येतो म्हणाला. तिनं त्याला नको म्हटलं. मीरासाबांना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ते बरोबर. सामान घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, म्हणून पेटी त्यांच्या डोक्यावर, मी सुलतानबीच्या खांद्यावर. गुलालानं लाल झालेल्या रस्त्यावरून ती दोघं चालत निघाली. मीरासाब खुशीत होते. "कुटं निगालोय आपन?" त्यांनी विचारलं. "बावड्याला." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. असं चारदा. चारही वेळा ती बावड्याला म्हणाली.

प्रभावतीबाईंच्या अंगणात मांडव होता. चुलवाण पेटलेलं, पातेलं चढलेलं, आणि दोन बायका घागरीतून ताक ओतत होत्या. चंदना ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले, पण डोळे हसरे. तिची पहिली वाटी याच पातेल्यातली असणार होती.

सुलतानबी चपला न काढता सरळ चुलवाणापाशी गेली. एरवी ती अंगणाच्या कडेला थांबायची. आज तिनं पातेल्याच्या काठाला हात घातला. काठ तापला होता, तरी तिनं हात काढला नाही.

"आक्का, ह्यातलं कुणाला घालू नका."

प्रभावतीबाई म्हणाल्या, "काय झालं? हात काढा भाभी, भाजंल."

"कथील न्हाय ह्यात. झाळीचं शिसं फिरलंय. ह्येंनी चुकीची कांडी फिरीवली आन मी फिरवू दिली." ती थांबली. बायका ओतायच्या थांबल्या होत्या. "ह्यास्नी आठवत न्हाय आक्का. तीन वर्सं झाली. बाजार आठवत न्हाय, मानसं आठवत न्हाईत. मी भाता हलवून हलवून त्यांच्याकडनं काम करून घ्यायची. लोकांनी येडा म्हनू नये म्हनून झाकलं."

प्रभावतीबाईंच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही, मग राग चढला. त्या मोठ्यानं ओरडल्या नाहीत, त्यानं जास्तच भीती वाटली.

"माझ्या पोरीच्या पोटात धा दिस पान्याबिगर काय न्हाय. आन तुमी मला आज सांगताय?"

"काल सांगायला पायजे हुतं. त्याच्या आदी तीन वर्सं सांगायला पायजे हुतं."

"व्हय, पायजे हुतं की."

सुलतानबी मान खाली घालून उभी राहिली. तेवढ्यात मीरासाब पेटी खाली ठेवून पुढे आले आणि ऐटीत म्हणाले, "आक्का, काय काळजी करू नका. माझ्या कल्हईत ताक कळकत न्हाय." त्यांच्या बोलण्यात कसलीही शंका नव्हती. मला वाटलं, आता इथंच फाटावं.

प्रभावतीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बायकांना म्हणाल्या, "ओता ते सगळं मागं खड्ड्यात. जनावराच्या तोंडाला लागू दिऊ नका. बस्तीतनं मोठं भांडं आना." बस्ती म्हणजे त्यांचं जिनमंदिर. तिथलं भांडं आलं, पुन्हा घरोघरचं ताक गोळा झालं, आणि पंगत दोन तास उशिरा बसली. चंदनेनं कढीची पहिली वाटी घेतली तेव्हा सुलतानबी मांडवाबाहेर मातीत बसून रडत होती. हातावर फोड आला होता.

पंगतीला प्रभावतीबाईंचा पुतण्या गोमटेश आला होता. तो शहरात डॉक्टर होता. बाईंनीच त्याला मीरासाबांकडे पाठवलं. तो मातीतच बसला, साल विचारलं, वार विचारला, मुलाचं नाव विचारलं. मीरासाब म्हणाले, "सालाचं काय करायचंय? पाऊस बरा हाय औंदा." गोमटेशनं मान हलवली. मग त्यानं माझी नळी बोटानं खरवडली, गंजाचा लाल भुगा निघाला.

तो म्हणाला, "भाभी, हा गंज कशानं आला? हवेनं. माणसाचंही थोडं तसंच आहे. आपण श्वास घेतो त्या हवेवर आत अन्न जळतं, म्हणून जगतो. पण जळताना ठिणग्या उडतात आणि आतल्याच वस्तूंना चटके देतात. तरुणपणी शरीर रोजच्या रोज डागडुजी करतं. म्हातारपणी ती मागं पडते. आणि मेंदूला सगळ्यात जास्त हवा लागते, म्हणून कुणाकुणाचा तो आधी झिजतो. काही शास्त्रज्ञ असं म्हणतात. पक्कं अजून कुणालाच ठाऊक नाही."

सुलतानबीनं विचारलं, "ह्या भट्टीच्या धुरानं झालं का? नवसागराच्या?"

"धूर असेल, तंबाखू असेल, नुसतं वय असेल. कशाचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही."

मी मात्र ते ऐकून गारठलो. चाळीस वर्षं त्या माणसानं भट्टीचा धूर तोंडावर घेतला, आणि त्यातली अठरा वर्षं तो धूर उडवणारा मी होतो. ज्या वाऱ्याचा मला एवढा ताठा, तोच वारा माझ्या धन्याला आतून खात असेल का? मी आजही हे स्वतःला विचारतो.

सुलतानबीनं शेवटचं विचारलं, "डाक्टर, भांड्याला कल्हई करता येती. डोस्क्याला करायचं काय हाय का?"

"आज तरी नाही," गोमटेश म्हणाला. "फळं, भाजीपाला चांगला खाऊ घाला. तंबाखू बंद करा. रोज चालवा. माणसांत ठेवा, जमेल ते काम हातात द्या. आणि झाकू नका. झाकलं की मदतीला कुणी येत नाही."

उठायच्या वेळी प्रभावतीबाई आल्या. रिकामं पातेलं त्यांनी सुलतानबीपुढं ठेवलं. "ह्ये असंच पडून ऱ्हायाचं का आता?"

"दुसऱ्या कुनाकडनं करून घ्या, आक्का."

"दुसरा कोन येतोय आजकाल? सगळ्यास्नी स्टीलचं येड लागलंय. तुमी करा. वीस वर्सं बगताय न्हवं? ते भाता वडतील." मग म्हणाल्या, "राग गेला न्हाय माझा. पर भांडं तुमीच करायचं."

त्या दिवशी जागा बदलल्या. मीरासाब माझ्यापाशी बसले, सुलतानबी भांड्यापाशी. आधी जुनं शिसं तापवून, पुसून, वाळूनं घासून तिनं तीनदा काढलं. कांडी स्वतः कानाशी नेली. मीरासाबांचा हात माझ्या पट्टीवर आला आणि मी दचकलो, इतका हलका आणि सावकाश होता तो. त्यांना कशाचीच घाई नव्हती. खाणाखुणा करायच्या नव्हत्या, कुणाला फसवायचं नव्हतं. कोळसा सारखा फुलत राहिला. इतका साधा वारा मी तीन वर्षांत सोडला नव्हता.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. बावड्यातली निम्मी घरं तुटली. बाळाबाई नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं तर तोंडावर सांगितलं की येड्याच्या हातचं भांडं आम्हाला नको. ज्या शब्दाला सुलतानबी भ्यायली होती तो तिनं ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी भट्टी लावली. उरलेली घरं मात्र मीरासाबांना जपू लागली. ते वाट चुकून कुणाच्या गोठ्यात जाऊन बसले तर लोक त्यांना चहा पाजून चिंचेखाली आणून सोडत. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते कधी हरवले नाहीत.

अशी चार वर्षं गेली. मग एकदा भट्टी पेटलेली असताना त्यांचा हात थांबला. त्यांनी मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "ह्ये काय हाय?"

सुलतानबी म्हणाली, "भाता हाय. तुमचाच."

"चांगला हाय," ते म्हणाले आणि मला बाजूला ठेवलं. त्या दिवशी त्यांनी सातदा विचारलं. सातही वेळा तिनं पहिल्यांदा विचारल्यासारखं सांगितलं. आठव्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर मी खुंटीवर आलो तो आजतागायत. कुणी एरंडेल चोळत नाही. माझ्या कातड्याला पाच भेगा आहेत, त्या मी मोजून ठेवल्या आहेत.

मित्रांनो, मी शहाणपण शिकवण्याइतका मोठा नाही. पण तुमच्या घरात कुणी तेच तेच विचारत असेल, तर "आत्ताच तर सांगितलं" असं म्हणू नका. तुम्ही सांगितलं असेल, त्यांच्यापर्यंत ते पोचलेलं नसतं. त्यांच्या चुका पदराआड घेऊ नका, डॉक्टरला सांगा, शेजाऱ्याला सांगा. आणि आत्ता धडधाकट असलेल्या तुमच्या माणसांना धुरापासून, तंबाखूपासून लांब ठेवा. माझ्यासारखा ताठा मिरवत बसू नका.

आता एक शेवटचं सांगतो. चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, मीरासाब जाण्याच्या थोडे दिवस आधी, दुपारी ते ताटावर बसले होते. सुलतानबी समोर बसून घास भरवत होती. खुंटीवरून मला दोघं दिसत होती. मीरासाब एकदम थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती कोण हे त्यांना कळत नव्हतं. तिला ते समजलं आणि तिचा घास धरलेला हात खाली आला.

"पावणं," ते तिला म्हणाले, "तुमी जेवलासा का?"

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. सुलतानबीनं नुसती मान हलवली, नाही म्हणून. मीरासाबांनी आपलं ताट दोन्ही हातांनी तिच्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "मग आदी तुमी जेवा. मला न्हाय घाई."

ती जेवली. मित्रांनो, तुमच्यापुढं कधी असं ताट सरकलं, तर नको म्हणू नका.